स्पोर्ट्स जीनचा रिपोर्ट घरी आलाय, आता तो वाचायचा कसा

मागच्या महिन्यात पुण्यातल्या सणस ग्राउंडच्या गेटबाहेर एका बाबांनी मला थांबवलं, "मॅडम, दोन मिनिटं आहेत का?" आणि मी हो म्हणायच्या आतच ॲक्टिव्हाची सीट रुमालानं पुसून त्यावर चौदा पानांचा गुळगुळीत रंगीत रिपोर्ट पसरला पण, थुंकीचा नमुना घेऊन मुलाला कुठला खेळ जमेल ते जीन्सवरून सांगणाऱ्या विकतच्या टेस्टचा. पहिल्या पानावर पळणाऱ्या मुलाचं चित्र, खाली गाडीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी, तिचा काटा पिवळ्या पट्ट्यात, आणि ठळक अक्षरात लिहिलेलं की तुमच्या मुलीचा कल एन्ड्युरन्सकडे आहे. मुलगी तेरा वर्षांची, शंभर-दोनशे मीटर पळते, बरी पळते. ती बाजूलाच उभी राहून स्पाइक्सच्या पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होती आणि बाबा विचारत होते की हिला आता स्प्रिंटमधून काढून लांब पल्ल्याला टाकू का, कारण ती जाते तिथल्या सरांनी रिपोर्ट बघून तसंच सांगितलंय.

मी ज्युनियर कॉलेजला बायो शिकवते, माझी मुलगी चारशे पळते, त्यामुळे संध्याकाळी ग्राउंडवर बसलेली असतेच, आणि वर्षाला असे पाच-सहा रिपोर्ट तरी माझ्यापुढे येतात. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते, हार्टबिर्टचं पुढे येईल तिथे डॉक्टरांकडेच जायचं.

तर सगळ्यात आधी काय करायचं, तबकडीचं पान उलटून टाकायचं. ते बघूच नका, निदान आत्ता नको. थेट मागच्या पानांवर जा, तिथे बारीक अक्षरात एक टेबल असतं, त्यात पहिल्या रकान्यात जीनचं नाव, दुसऱ्यात आरएस आणि पुढे एक लांबलचक आकडा, तिसऱ्यात दोन अक्षरं. खरी टेस्ट काय झाली ते एवढंच. बाकी तेरा पानं म्हणजे त्या टेबलावर चढवलेली मेहंदी.

आता त्या टेबलाचा अर्थ. आपल्या डीएनएमध्ये साधारण तीनशे कोटी अक्षरं असतात, ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची. कुठल्याही दोन माणसांची ही अक्षरं बहुतांश सारखीच असतात, पण तरी चाळीस-पन्नास लाख जागी फरक निघतो. अशा एकेका जागेला जो पत्ता दिलाय तो म्हणजे तो आरएस नंबर. आणि दोन अक्षरं का, तर एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. म्हणजे चाळीस-पन्नास लाख फरकांपैकी या कंपनीनं किती बघितले ते टेबलाच्या ओळी मोजून कळतं. त्या बाबांच्या रिपोर्टमध्ये मी मोजल्या, सतरा. पेनानं मोजा खरंच, आकडा समोर आला की निम्मी भीती तिथेच जाते.

या ओळींत एक नाव जवळजवळ नक्की असणार, एसीटीएन-३. पेपरात 'स्पीड जीन' म्हणून येतो तो हाच. पत्ता आरएस१८१५७३९. हा नीट समजून घेऊ कारण स्पोर्ट्सच्या सगळ्या जीन्समध्ये त्यातल्या त्यात दम याच्यातच आहे.

स्नायूत दोन प्रकारचे तंतू असतात, काही हळू पण तासन्‌तास काम करणारे आणि काही झटक्यात जोर लावून लवकर दमणारे. या झटक्यावाल्या तंतूंमध्ये अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रोटीन असतं आणि ते कसं बनवायचं ती रेसिपी एसीटीएन-३ या जीनमध्ये. काही लोकांच्या रेसिपीत ५७७ नंबरच्या जागी 'इथे थांबा' असा शब्द आलेला असतो, त्यामुळे प्रोटीन अर्धवट राहतं आणि बनतच नाही. चालू रेसिपीला आर म्हणतात, बंद रेसिपीला एक्स. दोन्हीकडून आर आला तर आरआर, एकेक आला तर आरएक्स, दोन्हीकडून एक्स आला तर एक्सएक्स. काही कंपन्या आर-एक्स लिहित नाहीत, नुसती अक्षरं देतात, तिथे सीसी म्हणजे आरआर, सीटी म्हणजे आरएक्स आणि टीटी म्हणजे एक्सएक्स असं वाचायचं. एक्सएक्स असणं हा आजार नाहीये बरं का, जगात शंभर कोटीहून जास्त माणसं अशी आहेत आणि मजेत आहेत, शेजारचं प्रोटीन त्याचं बरंचसं काम सांभाळून घेतं.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियात यावर गाजलेला अभ्यास झाला. त्यांनी सामान्य लोक घेतले आणि वरच्या लेव्हलचे स्प्रिंट-पॉवरवाले खेळाडू घेतले. सामान्य लोकांत एक्सएक्स निघाले १८ टक्के, स्प्रिंटवाल्यांत फक्त ६ टक्के. आरआर सामान्यांत ३० टक्के, स्प्रिंटवाल्यांत ५० टक्के. फरक खरा आहे, नंतरही बऱ्याच ठिकाणी पुन्हा दिसला. म्हणजे कंपनीवाले खोटं बोलत नाहीत, पण हा आकडा तुमच्या मुलीवर कसा लावायचा तिथे मोठी गंमत आहे, आणि ती गंमत मी त्या बाबांना रिपोर्टच्याच मागच्या कोऱ्या पानावर गणित करून दाखवली. तुम्हीपण करा, सातवीचं गणित आहे.

समजा दहा लाख मुलं आहेत आणि त्यातून शेवटी शंभर जण खरे टॉपचे स्प्रिंटर होणार आहेत. हा शंभरचा आकडा आपला धरलेला, गणितापुरता. म्हणजे टेस्टच्या आधी कुठल्याही मुलाचा चान्स दहा हजारात एक. आता दहा लाखातली १८ टक्के म्हणजे १,८०,००० मुलं एक्सएक्स, उरलेली ८,२०,००० नाहीत. शंभर टॉपच्या स्प्रिंटरमधले ६ एक्सएक्सवाले, ९४ बाकीचे. ८,२०,००० ला ९४ नं भागा, येतात साधारण ८,७००. म्हणजे 'छान' रिपोर्ट आला तर चान्स दहा हजारात एक वरून आठ हजार सातशेत एक झाला. बास. एवढ्यासाठी पेढे वाटलेले लोक बघितलेत मी. आणि 'वाईट' रिपोर्ट आला तर १,८०,००० भागिले ६, तीस हजारात एक. कमी झाला हे खरं, तिप्पट कमी झाला, पण मुळातच जो चान्स दहा हजारात एक होता तो तीस हजारात एक झाला म्हणून तेरा वर्षांच्या पोरीच्या आयुष्यात आजच्या आज काय बदलायचंय? आणि हे तर फक्त ऑलिंपिक छापाच्या लेव्हलचं झालं, डिस्ट्रिक्टला मेडल, स्टेटला फायनल, कॉलेजच्या टीममध्ये जागा, याच्याशी त्याचा संबंध अजूनच पातळ.

बाबा गणित बघून गप्प झाले, मग म्हणाले, "पण सहाजण तरी एक्सएक्सवाले पोचलेच ना." मला एकदम बरं वाटलं कारण हा मुद्दा विद्यार्थ्यांना तीन लेक्चरं घेऊनही कळत नाही. पोचतात ना. स्पेनचा एक लांब उडीवाला होता, दोन ऑलिंपिक खेळलेला, बेस्ट उडी ८.२६ मीटर, आणि तपासलं तर एक्सएक्स. २००७ मध्ये त्याच्यावर शास्त्रज्ञांनी लिहिलंय. लांब उडी म्हणजे निव्वळ झटक्याचा खेळ. आज तो तेरा वर्षांचा असता आणि पुण्यात राहत असता तर कुणीतरी त्याला पाच हजार मीटर पळायला लावलं असतं.

अजून एक. लोक म्हणतात जमेकावाले सगळे आरआर म्हणून बोल्ट. जमेकात एक्सएक्स खरंच फार कमी, दोन-तीन टक्के, पण ते स्प्रिंटरमध्येही तेवढेच आणि तिथल्या रस्त्यावरच्या साध्या माणसांतही तेवढेच. आणि केनियात तर एक्सएक्स अजून कमी, जेमतेम एखादा टक्का, आणि केनिया जिंकतं काय, तर मॅरेथॉन! म्हणजे स्पीड जीन जवळजवळ सगळ्यांकडे आहे आणि पळतात लांबचं. जमेकात शाळांची जी 'चॅम्प्स' म्हणून स्पर्धा असते ती १९१० पासून चालू आहे, स्टेडियम खच्चून भरतं, शाळकरी पोरं तिथे स्टार असतात. केनियाचे बरेचसे धावपटू कालेंजिन समाजातले, रिफ्ट व्हॅलीच्या उंच भागातले, इटेन गाव २४०० मीटरवर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, आणि तिथे पळून पोटापाण्याचं भागलेली माणसं प्रत्येक गल्लीत. हे कुठल्या टेबलाच्या रकान्यात बसवणार?

टेबलात दुसरं हमखास नाव एसीई. १९९८ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांवर, सात हजार मीटरच्या वर ऑक्सिजनशिवाय गेलेल्यांवर, अभ्यास झाला आणि एसीईचा 'आय' प्रकार त्यांच्यात जास्त दिसला, म्हणून तो एन्ड्युरन्सचा आणि 'डी' पॉवरचा असं रूढ झालं. नंतरच्या अभ्यासांत कधी जुळलं, कधी नाही. त्या मुलीला पिवळ्या पट्ट्यात ढकलणारा हाच होता, कारण एसीटीएन-३ मध्ये ती आरएक्स होती, म्हणजे अधली-मधली, निम्मी दुनिया असते तशी. कॅफिन, कोलॅजन, व्हिटॅमिन वगैरे जीन्सच्या ओळी असतील तर त्या चहा पिता पिता वाचा आणि सोडून द्या.

आता तुम्ही म्हणाल सतरा कमी आहेत तर शंभर जीन्सवाली महागडी टेस्ट करू. थांबा. उंचीचं उदाहरण घ्या, उंची मोजायला सोपी, टेप लावला की झालं, आणि तिच्यातला ८० टक्क्यांच्या आसपास फरक आनुवंशिक असतो असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांचा डीएनए घेऊन शोधलं तेव्हा उंचीशी जोडलेल्या १२,१११ जागा सापडल्या. बारा हजार! आणि त्या सगळ्या एकत्र करूनसुद्धा युरोपियन वंशाच्या लोकांत उंचीतला साधारण ४० टक्के फरक सांगता आला, बाकीच्या वंशांत, म्हणजे आपण त्यात आलो, १० ते २० टक्केच. साध्या उंचीची ही कथा. मग स्प्रिंटमध्ये तर उंची आली, तंतू आले, रिॲक्शन आली, टाचेची शीर आली, डोकं आलं, पोटात काय गेलं ते आलं, आणि हे सगळं सतरा ओळींत?

शास्त्रज्ञांनी प्रयत्न केला नाही असं नाही. २०१६ मध्ये जगभरातले १,५२० टॉपचे एन्ड्युरन्स खेळाडू, त्यात केनिया, इथिओपिया, जपान, स्पेन, रशिया, पोलंड, ऑस्ट्रेलिया सगळे, आणि २,७६० साधी माणसं घेऊन अख्खा जीनोम चाळला. चॅम्पियनांचा असा वेगळा ठसा हाती लागला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, या विषयातल्या तज्ज्ञांनी ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये एकत्र येऊन लिहिलं की मुलांमधलं टॅलेंट शोधायला किंवा ट्रेनिंग ठरवायला या विकतच्या टेस्ट वापरू नयेत. सरळ नको म्हणालेत. हे मी त्या सरांना पाठवलं होतं, ब्ल्यू टिक आली, पुढे काही नाही.

मग खेळात जीन्सला काही अर्थच नाही का? तर असं अजिबात नाही, मी उलट्या टोकाचं पण बोलणार नाही. फिनलंडचा एरो मँटिरांटा म्हणून बर्फातला स्कीवाला होता, १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकला दोन गोल्ड, एकूण सात ऑलिंपिक मेडल. त्याचं हिमोग्लोबिन वीसच्या वर असायचं, लोक म्हणायचे रक्त चढवून घेतो. पुढे नव्वदच्या दशकात घराण्याची तपासणी झाली तेव्हा कळलं की ईपीओ, म्हणजे लाल पेशी बनवा असा निरोप देणारं हार्मोन, त्याचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरच्या जीनमध्ये बदल आहे, शरीर लाल पेशी बनवायचं थांबवतच नाही. हा खरा फायदा, एका जीनचा. पण त्याच्या घराण्यात तो बदल असलेले पुष्कळ लोक निघाले, त्यातले बहुतेक साधं आयुष्य जगले. आणि असले बदल इतके विरळ की तुमच्या टेबलात ते तपासलेलेही नसतात.

आणि एक गोष्ट जी कोचेसना पटकन पटते. अमेरिका-कॅनडात हेरिटेज नावाचा अभ्यास झाला, बसून काम करणाऱ्या कुटुंबातल्या ४८१ जणांना वीस आठवडे सेम ट्रेनिंग दिलं, सायकलवर, मोजूनमापून. सरासरी व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, मिनिटाला ४०० मिलीलिटरच्या आसपास वाढला, पण काहींचा हललाच नाही आणि काहींचा हजारच्या वर गेला. एकाच घरातल्या लोकांची वाढ एकमेकांसारखी होती, म्हणजे ट्रेनिंग अंगी लागणं हेसुद्धा जवळजवळ निम्मं आनुवंशिक. आता हे वाचून टेस्ट करायला पळू नका, उलट यातून हे कळतं की अंगी लागतंय का ते बघायला ट्रेनिंग देऊन बघणं हीच टेस्ट. वीस आठवडे द्या, मोजा, उत्तर समोर. थुंकीची बाटली कशाला.

तर रिपोर्ट बाजूला ठेवून घरी काय करायचं, आता त्याकडे येऊ, मला खरं लिहायचंय ते इथून पुढे.

आधी उंचीचा अंदाज, फुकटातली जेनेटिक टेस्ट. बाबांची उंची अधिक आईची उंची, सेंटिमीटरमध्ये, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोननं भागा. बाबा १७०, आई १५७, तर मुलगी १५७ च्या आसपास आणि मुलगा १७० च्या आसपास, इकडे तिकडे आठेक सेंटिमीटर धरून. तुमच्या मनात हाय जंप किंवा बास्केटबॉल असेल तर हे गणित त्या चौदा पानांपेक्षा जास्त बोलतं. तरी त्यावरून कुणाला काढून टाकू नका, आठ सेंटिमीटर म्हणजे फार असतात.

मग एका रविवारी आजी-आजोबांना, मामा-आत्यांना फोन लावा आणि विचारा की घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय का, कुणी पळताना, पोहताना, खेळताना चक्कर येऊन पडलंय का, कुणाला हार्ट मोठं आहे असं सांगितलंय का. हे विचारायला लोक कचरतात, "कशाला ते जुनं" म्हणतात, पण जीन्सचा खेळाशी खराखुरा, जीवघेणा संबंध कुठे असेल तर इथे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणून आजार आहे, हार्टची भिंत जाड होते, साधारण पाचशेत एकाला असतो आणि घराण्यात चालतो. कॅमेरूनचा फुटबॉलर मार्क-व्हिव्हियन फोए २००३ मध्ये चालू मॅचमध्ये मैदानात कोसळला आणि गेला तो यामुळेच. आणि आपल्याकडे वेगळीच एक गोष्ट आहे, एमवायबीपीसी-३ नावाच्या जीनमधली पंचवीस अक्षरं गायब असलेले लोक दक्षिण आशियात साधारण चार टक्के आहेत, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता, २००९ मध्ये ते छापून आलं. तो बदल असला म्हणजे आजार असतोच असं नाही, घाबरू नका, पण हार्टच्या आजाराशी त्याचा संबंध दिसलाय. आणि मजा बघा, सतरा ओळींच्या त्या टेबलात हा नव्हता. स्पीड जीन होता, कॉफीचा जीन होता, हा नव्हता.

म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी एक ईसीजी, आणि घरात वरच्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल किंवा मूल पळता पळता चक्कर येऊन पडलं असेल, छातीत दुखतं म्हणत असेल, तर कार्डिओलॉजिस्ट आणि टूडी इको (हार्टची सोनोग्राफी), आणि ते होईपर्यंत ग्राउंड बंद. दमून थांबल्यावर भोवळ येणं वेगळं आणि पळत असतानाच पडणं वेगळं, दुसरं जास्त गंभीर, डॉक्टरांना नेमकं कधी झालं ते सांगा.

रक्ताचं. सीबीसी करा, फेरिटिनसकट (अंगात लोहाचा साठा किती ते यावरून कळतं), विशेषतः मुलींचं. एनएफएचएस-५ या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, मग आपली पोरगी आठशेच्या शेवटच्या दोनशेत मरते ते 'एन्ड्युरन्स जीन नाही' म्हणून की हिमोग्लोबिन साडेनऊ आहे म्हणून? माझ्याच मुलीचं झालं हे. दोन महिने सगळे म्हणत होते मनानं कच्ची आहे, मीसुद्धा, लाज वाटते सांगायला, आणि फेरिटिन बघितलं तर तळाला. डॉक्टरांनी लोह दिलं, तीन महिन्यांनी तीच पोरगी शेवटच्या शंभरात समोरच्यांना गाठायला लागली. एक बारकावा, लाल पेशी लहान दिसतायत पण फेरिटिन छान आहे असं झालं तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे घराण्यातून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असू शकतो, तिथे लोहाच्या गोळ्या घेत बसून उपयोग नाही, डॉक्टरांना एचपीएलसीबद्दल विचारा, ती हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी रक्ततपासणी.

तीच एचपीएलसी सिकलसेलसाठी पण, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजारासाठी. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोली, पूर्व विदर्भ या पट्ट्यात सिकलसेल बराच आहे, आणि पुण्यात बालेवाडीला, क्रीडा प्रबोधिनीत, होस्टेलांवर तिकडची मुलं येतात, पळायला काटक असतात. वाहक असणं, म्हणजे आई-बाबांपैकी एकाकडूनच तो बदल आलेला असणं, म्हणजे आजार नाही, वाहक मुलं टॉपला खेळतात, पण उन्हात, पाण्याशिवाय, पहिल्याच आठवड्यात दणादण रिपीट (तेच अंतर पुन्हापुन्हा जोरात) मारायला लावले तर स्नायू फुटून मूल कोसळू शकतं, यात जीव गेलेत. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंची तपासणी याचसाठी २०१० पासून सुरू केली. कोच असाल तर वाहक मुलाला हळूहळू वाढवा, मध्ये पुरती विश्रांती, पाणी, आणि पाय भरून आले असं म्हणालं की 'नाटकं नको' म्हणायचं नाही, थांबवायचं. होस्टेलच्या सरांनी हा एक परिच्छेद वाचला तरी माझं लिहिणं वसूल.

आता स्टॉपवॉच. वहीत चार गोष्टी लिहायच्या, तीस मीटर उभ्यानं स्टार्ट घेऊन, जागेवरून लांब उडी, बीप टेस्ट (बीपच्या तालावर वाढत्या वेगानं येरझाऱ्या), आणि मुलाचा जो इव्हेंट असेल त्याचा टाइम. दर सहा आठवड्यांनी, त्याच ट्रॅकवर, त्याच बुटात, साधारण त्याच वेळेला. तीस मीटर तीनदा, मध्ये चार-चार मिनिटं आराम, त्यातला बेस्ट लिहायचा. घड्याळ दर वेळी एकाच माणसानं धरायचं कारण हाताच्या घड्याळात शून्य पॉइंट दोनचा फरक सहज पडतो, एकदा बाबांनी धरलं एकदा काकांनी की पोरगं उगाच सुधारतं किंवा बिघडतं. आणि हे पण लिहा, त्या आठवड्यात झोप किती, परीक्षा होती का, उंची किती वाढली. उंची झपाट्यानं वाढत असते, मुलींची साधारण बाराच्या आसपास आणि मुलांची चौदाच्या, तेव्हा टाइम अडकतो किंवा मागेसुद्धा जातो, पाय लांब झालेले असतात आणि त्यांना अजून पळायचं कसं कळलेलं नसतं. त्या सहा-आठ महिन्यांत कुणी 'हिच्यात दम नाही' म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा.

वयाचं अजून एक. अंडर-फोर्टीनमध्ये जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच हीटमध्ये पळतात, त्यांच्यात जवळजवळ एक वर्ष, आणि त्या वयात एक वर्ष म्हणजे एक मिशी. जगभर ज्युनियर टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात ती यामुळे. त्यामुळे टाइमची तुलना बाजूच्या लेनशी कमी करा, मागच्या पानाशी जास्त करा.

किती वर्षं वाट बघायची याला उत्तर नाही पण अविनाश साबळे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळा सहा किलोमीटर लांब, बारावीनंतर आर्मीत, सियाचीनला पोस्टिंग, आणि ॲथलेटिक्स सुरू केलं २०१५ मध्ये, म्हणजे विशीनंतर. २०२२ ला कॉमनवेल्थमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या लांब शर्यतीला, सिल्व्हर, पुढच्या वर्षी हांगझोऊ एशियन गेम्सला गोल्ड, २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ चा नॅशनल रेकॉर्ड. तेरा वर्षांचा असताना त्याला कुणी तबकडी दाखवली असती तर काटा कुठे असता याच्याशी मला काही घेणंदेणं नाही, पण तेराव्या वर्षी त्याची कसलीही टेस्ट घेतली असती तरी हातात स्टीपलचेस आलं नसतं.

त्या बाबांना मी शेवटी काय सांगितलं तर सोळापर्यंत शंभर-दोनशे पळू दे, सोबत लांब उडी करू दे, हिवाळ्यात क्रॉस कंट्री पण पळू दे, आवडत असेल तर. मग पोरीलाच विचारलं तुला काय आवडतं. म्हणाली, "रिले." जीन रिपोर्टमध्ये रिलेचा रकाना नसतो. तिचे बाबा रिपोर्ट डिकीत टाकताना म्हणाले, पैसे मात्र गेले, आणि मी म्हटलं हो, ते गेले.

ज्यांनी अजून टेस्ट केली नाही आणि एवढं वाचूनही करायचीच आहे, हौस म्हणून, त्यांच्यासाठी काही गोष्टी. फॉर्मवर 'माझा नमुना संशोधनासाठी वापरा' अशी चौकट असते, बऱ्याचदा आधीच टिक केलेली, ती वाचून मग ठरवा, कारण डेटा मुलाचा आहे, आणि त्यातला निम्मा तुमचा. सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर त्याला विचारल्याशिवाय करू नका. रिपोर्ट आल्यावर नमुना नष्ट करा आणि डेटा काढून टाका असा मेल टाका, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. आणि बाटलीत थुंकायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश नाही, च्युइंगम नाही, नाहीतर नमुना बाद होतो आणि परत थुंकावं लागतं.